अबॅकसच्या क्लासमध्ये मुलं नक्की काय शिकतात?

पोरगं पहिली-दुसरीत गेलं की घरात एक प्रश्न निघतोच, आता याला कशाला घालायचं. पेपरात घालून आलेली पॅम्फ्लेटं असतात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये चिकटवलेले कागद असतात, अबॅकस, फोनिक्स, वैदिक गणित, चेस, कोडिंग, हस्ताक्षर, आणि प्रत्येकावर तेच तीन शब्द, एकाग्रता, स्मरणशक्ती, आत्मविश्वास. पण संध्याकाळी पाच ते सहा पोरगं तिथे बसून नेमकं करतं काय, हे एकाही कागदावर लिहिलेलं नसतं. फी भरणाऱ्या आईबाबांनाही बऱ्याचदा माहीत नसतं, कारण क्लासच्या दाराशी सोडायचं आणि तासाभराने घ्यायला जायचं एवढाच आपला संबंध.

म्हणून आज अबॅकस नीट उलगडून सांगते. बाकीच्या क्लासेसचं शेवटी थोडक्यात. अबॅकसच का, तर गल्लोगल्ली तोच आहे, आणि दुसरं म्हणजे यावर खरोखरचं संशोधन झालंय, तेही आपल्या शेजारी गुजरातमध्ये, त्यामुळे "आमच्या क्लासच्या मुलांचा रिझल्ट बघा" यापलीकडे काहीतरी ठोस बोलता येतं.

आधी वस्तू बघू. आपल्या लहानपणी पाटीला वरच्या बाजूला तारेत ओवलेले रंगीत मणी असायचे ना, एका तारेवर दहा, ते वेगळं. क्लासमध्ये जो अबॅकस देतात तो जपानी, त्याला सोरोबान म्हणतात. लांबट चौकट, त्यात उभ्या दांड्या, लहान मुलांच्या अबॅकसला बहुतेक वेळा १३ किंवा १७, आणि मधून एक आडवी पट्टी गेलेली. प्रत्येक दांडीवर पट्टीच्या वर एक मणी आणि खाली चार. वरच्याची किंमत ५, खालच्या प्रत्येकाची १. मणी पट्टीला टेकवला की तो मोजायचा, पट्टीपासून लांब असेल तर शून्य. म्हणजे ७ दाखवायचे तर वरचा एक खाली आणा आणि खालचे दोन वर ढकला, झालं. एका दांडीवर जास्तीत जास्त ९ बसतात, दहावा आला की डावीकडच्या दांडीवर जायचं. एकक, दशक, शतक असं उजवीकडून डावीकडे. चिनी अबॅकसला वर दोन आणि खाली पाच मणी असतात, जपान्यांनी ते कमी करत करत एक-चारवर आणलं. अंगठ्याने खालचे मणी वर ढकलायचे आणि बाकी सगळं तर्जनीने, ही मूळ पद्धत, आपल्याकडे बरेच क्लास दोन्ही हात वापरायला लावतात.

पहिले काही आठवडे मुलं फक्त एवढंच करतात, आकडा दाखवा, क्लियर करा, दुसरा दाखवा. साध्या बेरजा, जिथे मणी मोकळे आहेत तिथे. २ मध्ये १ मिळवा, एक मणी वर. यात काही विशेष नाही आणि आईबाबांना वाटतं एवढ्यासाठी पैसे भरले का.

खरी गंमत पुढे आहे. ४ मध्ये ३ मिळवायचेत. खालचे चारही मणी आधीच वर गेलेत, मिळवायला उरलंच नाही काही. मग काय करायचं, तर वरचा ५ चा मणी घ्यायचा आणि जास्तीचे झालेले २ परत करायचे. म्हणजे ३ मिळवणं म्हणजे ५ मिळवून २ काढणं. क्लासमध्ये याला स्मॉल फ्रेंड म्हणतात, ३ चा स्मॉल फ्रेंड २, ४ चा १. दोघांनी मिळून ५ व्हायचं. तसेच बिग फ्रेंड, ते दोघे मिळून १० करतात, ७ चा ३, ८ चा २, ९ चा १. आता ८ मध्ये ७ मिळवायचे तर एककाच्या दांडीवर जागाच नाही, म्हणून ७ चा बिग फ्रेंड ३ काढून टाकायचा आणि डावीकडे दशकाचा एक मणी चढवायचा. राहिले ५ आणि १०, पंधरा.

आता एक अख्खं उदाहरण घेऊ, ३७ अधिक २८. शाळेत आपण उजवीकडून सुरू करतो, सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. अबॅकसवर डावीकडून सुरुवात. दशकावर ३ आहेत, २ मिळवायचेत, खाली एकच मणी मोकळा आहे, म्हणून स्मॉल फ्रेंड, ५ मिळवा आणि ३ काढा, दशकावर ५ झाले. मग एककावर ७ आहेत, ८ मिळवायचेत, बिग फ्रेंड, २ काढा म्हणजे उरले ५, आणि दशकावर एक चढवा, ५ चे ६. समोर दिसतंय ६५. वाचायला हे लांबलचक वाटतंय पण सहा महिने सराव झालेलं पोर हे तुम्ही "अठ्ठावीस" म्हणेपर्यंत करून मोकळं होतं, कारण ते "८ म्हणजे १० उणे २" असा विचारच करत नाही, बोटाला ते पाठ झालेलं असतं. वजाबाकीत हेच उलटं. काही वेळा दोन्ही फ्रेंड एकदम लागतात, म्हणजे ५ मध्ये ६ मिळवताना बिग फ्रेंड ४ काढायचा तर ४ सुद्धा सरळ निघत नाहीत, मग ५ काढून १ परत, आणि दशकावर एक. इथे मुलं अडकतात, आणि क्लास सोडणारी बरीचशी याच टप्प्यावर सोडतात असं मला वाटतं.

यात एक चांगली गोष्ट आपोआप होते, ती म्हणजे स्थानिक किंमत. आपल्या मराठी मुलांना याची जरा जास्तच गरज असते. त्रेपन्न म्हणताना आपण तीन आधी म्हणतो आणि पन्नास नंतर, पण लिहिताना ५ आधी, म्हणून दुसरीतलं पोर त्रेपन्न ऐकून सरळ ३५ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, त्यामागे मंगला नारळीकरांच्या समितीचा मुद्दा हाच होता. अबॅकसवर ५ डावीकडच्या दांडीवर दिसतात आणि ३ उजवीकडच्या, डोळ्यांना दिसतं, त्यात गोंधळाला जागा कमी.

बरं, हे झालं हाताने. मग एके दिवशी टीचर अबॅकस बाजूला ठेवायला सांगतात. आता डोक्यात. मुलं डोळे मिटतात किंवा भिंतीकडे बघतात आणि टेबलावर, मांडीवर, हवेत बोटं हलवायला लागतात. टीचर म्हणतात, "रेडी, सात, प्लस पाच, लेस तीन, प्लस आठ, दॅट इज", आणि पोरं ओरडतात "सतरा". ही बोटं म्हणजे दिखावा नाही. मुलं डोक्यात अबॅकसचं चित्र धरतात आणि त्या चित्रातले मणी हलवतात, बोटं त्याला आधार देतात. जपानमध्ये १९७० च्या दशकात हातानो नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे तपासलं होतं, मधल्या पातळीच्या लोकांना बोटं हलवू दिली नाहीत तर त्यांची गणितं बिघडली. पुढे खूप तयार झालेल्यांना बोटं लागत नाहीत. त्यामुळे घरी आजी "बोटं काय नाचवतोस, सरळ बस" म्हणत असेल तर तिला हे समजावून सांगा.

पोर खरंच चित्र बघतं का, याचा पुरावा त्याच्या चुकांत सापडतो, हे मला सगळ्यात आवडतं. तैवानमध्ये स्टिगलर नावाच्या संशोधकाने १९८० च्या दशकात मुलांच्या चुका गोळा केल्या तर अबॅकसवाल्या मुलांचं उत्तर पुष्कळदा एखाद्या घरात बरोबर ५ ने चुकलेलं असायचं. ६८ च्या जागी ६३ किंवा १८. का, तर डोक्यातल्या चित्रात तो वरचा ५ चा मणी निसटला. नेहमीच्या पद्धतीने करणारं मूल असं चुकत नाही, त्याचा हातचा राहतो नाहीतर एक-दोनने चुकतं. तुमच्या पोराच्या वहीत बघा, पाचाने चुकलेली उत्तरं दिसली तर समजायचं गाडी मेंटलवर, म्हणजे डोक्यातल्या अबॅकसवर आलीय.

आपल्या पाढ्यांशी ताडून बघितलं तर हे अजून नीट कळतं. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी असलं सगळं तोंडपाठ असायचं, बाजारात उभ्या उभ्या हिशोब. पण ते सगळं कानाने आणि तोंडाने शिकलेलं, चालीत. पाढा म्हणताना मध्येच कोणी काही विचारलं की गाडी घसरते आणि पहिल्यापासून म्हणावं लागतं. अबॅकसवाल्या मुलाचं तसं होत नाही, कारण त्याचा हिशोब शब्दांत नसतोच मुळी. २०१२ मध्ये मायकल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर या दोघांनी गुजरातमधल्या अबॅकस शिकलेल्या मुलांवर प्रयोग केले, गणित करता करता कानावर पडणारं बोलणं तोंडाने तसंच म्हणत राहायचं. मुलं थोडी मंदावली पण चालू राहिली, आणि अबॅकस न शिकलेल्या मोठ्या माणसांना तेच फार जड गेलं. त्यांनी अजून एक दाखवलं. या चित्राला मर्यादा आहे, साधारण तीन-चार दांड्या. दोन आकडी संख्या दहा-पंधरा लागोपाठ मिळवायला सांगा, जमेल, पण सहा आकडी दोनच संख्या दिल्या तर चित्र फाटतं. डोळ्यांपुढे एका वेळी आपण तीन-चार गोष्टीच नीट धरू शकतो, तोच हा नियम.

तर अबॅकसमध्ये मूल काय शिकतं याचं सरळ उत्तर हे, आकड्यांचं चित्र डोक्यात धरून ते पटकन हलवणं. छान कौशल्य आहे, खोटं नाही काही त्यात. जपानच्या शाळांत तिसरी-चौथीच्या गणितात अजून सोरोबान थोडा शिकवतात, चिनी अबॅकसच्या गणनाविद्येला युनेस्कोने २०१३ मध्ये सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलंय. आणि आपला नाशिकचा आर्यन शुक्ल २०२२ मध्ये जर्मनीत पाडरबोर्नला मेंटल कॅल्क्युलेशनचा वर्ल्ड कप जिंकून आला, तेव्हा तो शाळकरी पोरगा होता. फक्त त्याचं नाव पॅम्फ्लेटवर वाचताना हेही लक्षात ठेवा की त्यामागे रोजचा तासन्‌तास सराव आहे, आठवड्यातून दोन तासांचा क्लास नाही.

आता दावे. "ब्रेन डेव्हलपमेंट", "उजवा आणि डावा मेंदू दोन्ही जागे होतात", "सगळ्या विषयांत मार्क वाढतात". यातलं किती खरं हे बघायला बडोद्यात एक मोठा प्रयोग झाला, त्याच बार्नर-फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१६ मध्ये छापून आला. पाच ते सात वर्षांची दोनशेच्या वर मुलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एकाला अबॅकस, दुसऱ्याला तेवढाच वेळ नेहमीच्या गणिताचा जादा तास. हे महत्त्वाचं बरं का, कारण आपल्याकडे तुलना नेहमी क्लासला जाणारं मूल आणि काहीच न करणारं मूल अशी करतात, मग क्लासवालं पुढे दिसणारच, घरातलं वातावरण वेगळं, लक्ष वेगळं. इथे दोघांनाही जादा तास होता. तीन वर्षं हे चाललं. निकाल काय, तर अबॅकसवाली मुलं आकडेमोडीत पुढे गेली, हे खरं. पण एकूण स्मरणशक्ती, लक्ष धरण्याची ताकद, बुद्धीच्या चाचण्या, यात फरक पडला नाही. शिवाय ज्या मुलांची चित्र डोक्यात धरण्याची ताकद सुरुवातीलाच चांगली होती त्यांना अबॅकसचा फायदा जास्त झाला. म्हणजे काहींना हे पटकन जमतं आणि काहींना नाही, आणि ज्याला नाही जमत ते मठ्ठ नसतं, त्याच्या डोक्याला चित्रापेक्षा शब्दांची वाट सोपी पडत असेल, एवढंच.

हातानोने जपानमधल्या अव्वल लोकांचंही असंच बघितलं होतं. पंधरा-सोळा आकडे एका दमात ऐकून परत म्हणायचे हे लोक, आणि अक्षरं किंवा फळांची नावं दिली की तुमच्या-आमच्या एवढीच लक्षात राहायची. आकड्यांसाठी डोक्यात अबॅकस होता, फळांसाठी नव्हता. सायकल आली म्हणून पोहता येत नाही, तसलाच प्रकार. मेंदूचे स्कॅन काढले तर अबॅकसवाले हिशोबाच्या वेळी बघण्याचे भाग जास्त वापरतात असं दिसतं, ते खरंय, पण त्याचा अर्थ वाट वेगळी आहे एवढाच.

आणि अबॅकस काय शिकवत नाही तेही सांगते, कारण चौथीत गेल्यावर तक्रारी तिथून येतात. "रमेशकडे ४५ रुपये होते, त्याने प्रत्येकी ८ रुपयांच्या ३ वह्या घेतल्या तर किती उरले", यात आधी गुणाकार मग वजाबाकी हे अबॅकस सांगत नाही, ते वाचून कळावं लागतं. अपूर्णांक नाही, भूमिती नाही, अंदाज करणं नाही. दुसरी तक्रार शाळेतून येते. पोर पेपरात नुसतं उत्तर लिहितं, हातचा दाखवत नाही, रीत लिहीत नाही, बाई मार्क कापतात, पोर घरी येऊन रडतं की उत्तर बरोबर होतं. बाईंचंही चूक नाही. मी म्हणते मुलाला सरळ सांगावं, हे क्लासचं, ते शाळेचं, दोन्ही यायला पाहिजे, आणि पहिलीत जेव्हा शाळेची हातच्याची रीतच अजून पक्की नाही तेव्हा दोन्ही एकदम सुरू करू नये. दुसरी-तिसरीत घाला, काही बिघडत नाही.

बाकीच्या क्लासेसना पण हाच प्रश्न विचारायचा, नेमकं काय शिकतं. फोनिक्समध्ये इंग्रजी अक्षरांची नावं नाही तर आवाज शिकवतात, एस म्हणजे "स्स", टी म्हणजे "ट्", आणि ते जोडून शब्द वाचायचा. बऱ्याच ठिकाणी एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा अक्षरं आधी घेतात कारण त्यातून लगेच सॅट, पिन, टॅप असे शब्द तयार होतात. ज्या मुलाने बाराखडी नीट केलीय त्याला आवाज जोडणं नवीन नसतंच, क ला काना का हेच तर आहे ते. इंग्रजी वाचन अडत असेल तर हा क्लास खरोखर उपयोगाचा, वर्षभरात काम होतं, तीन वर्षं चालवायची गरज नाही. वैदिक गणितातल्या युक्त्या, ९८ गुणिले ९७ म्हणजे शंभराला २ कमी आणि ३ कमी, म्हणून ९५ आणि पुढे ०६, उत्तर ९५०६, या मजेच्या आहेत, पण त्या १९६५ मध्ये छापलेल्या पुरीच्या शंकराचार्यांच्या पुस्तकातून आल्यात, वेदांत त्या सापडत नाहीत असं एस. जी. दाणींसारख्या गणितज्ञांनी कधीच सांगून ठेवलंय, आणि पहिली-दुसरीच्या मुलाला त्या का चालतात हे कळणं शक्यच नाही, त्या आठवीत बीजगणित आल्यावर दाखवा, तेव्हा डोळे चमकतात. चेसने गणित सुधारतं म्हणतात, इंग्लंडमध्ये १०० शाळांत तपासलं, २०१६ चा अहवाल आहे, वर्षभराने गणितात फरक दिसला नाही. पण चेसने चेस येतं आणि ते पुरेसं कारण आहे की, नागपूरची दिव्या देशमुख २०२५ चा महिला वर्ल्ड कप काही गणिताचे मार्क वाढावेत म्हणून खेळली नव्हती. कोडिंगचं एवढंच, या वयात चित्रांचे ठोकळे जोडून मांजर चालवणं इतपत ठीक, त्यापुढचं नवं शैक्षणिक धोरणसुद्धा सहावीपासून म्हणतंय. आणि "मिडब्रेन ॲक्टिव्हेशन"वाले, डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला लावणारे, त्यांच्यापासून चार हात लांब. पट्टीच्या खाली नाकाशेजारून फट राहते, पोरं तिथून बघतात, अंनिसच्या कार्यकर्त्यांनी हे उघडं पाडलंय, आणि वाईट म्हणजे पोराला खोटं बोलायला शिकवायचे आपणच पैसे देतो.

अबॅकसला घालायचंच असेल तर डेमोला जाऊन टीचरना विचारा की एका बॅचला किती मुलं, दहा-बाराच्या वर असतील तर बोटं चुकतात ती कोणी बघत नाही. घरी रोज पंधरा-वीस मिनिटं सराव लागतो, तो कोण घेणार हे आधी घरात ठरवा, नाहीतर शनिवारी रात्री आठ पानं एकदम आणि रडारड. अबॅकस न लावता करायला कधीपासून देतात तेही विचारा, काही ठिकाणी फार घाई करतात, हाताने पक्कं व्हायच्या आत मेंटल, मग पोर अंदाजे उत्तरं ठोकायला लागतं. स्पर्धेला न्यायची सक्ती आहे का हेही, कारण त्याची फी वेगळी, प्रवास वेगळा, आणि आठ मिनिटांत दोनशे गणितं हा प्रकार प्रत्येक पोराला मानवतोच असं नाही.

लेव्हल साधारण आठ-दहा असतात, एकेक तीन-चार महिन्यांची, म्हणजे पूर्ण करायला अडीच-तीन वर्षं जातात. बहुतेक मुलं तोवर थांबत नाहीत आणि त्यात वावगं काही नाही, दोन्ही फ्रेंड पक्के झाले आणि दोन आकडी बेरीज-वजाबाकी डोक्यात जमायला लागली की रोजच्या उपयोगाचं मिळालं. सोडल्यावर सराव नसेल तर वेग जातो, दहाच्या जोड्या मात्र राहतात. म्हणून फी एकेका लेव्हलची भरा. तीन वर्षांची एकदम भरली तर तीस टक्के सूट म्हणतील, तरी नको.